हिब्रू गप्प राहते तिथे

बायबलच्या जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकात चार अध्याय आणि ८५ वचने आहेत. सलग वाचायला घेतले तर अर्धा तासही लागत नाही. मराठीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी ज्या छोट्या भाषांतर-गटात सामील झाले, त्या गटाने पहिले काम म्हणून हे पुस्तक माझ्या हाती दिले, तेव्हा तीन-चार महिन्यांत मसुदा हातावेगळा होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात सव्वा वर्ष लागले. हा वेळ कठीण शब्दांनी घेतला नाही. कठीण शब्दांसाठी कोश आहेत, व्याकरणे आहेत आणि आमच्या आधी या वाटेने गेलेल्यांची भाषांतरे आहेत. वेळ गेला तो हिब्रू जिथे काहीच सांगत नाही आणि मराठीला मात्र सांगितल्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही, अशा जागांवर.

ही वाट मराठीत नवी नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची बोलीभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू, त्यांच्यासाठी स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. पण काम करताना मला सतत आठवत राहिल्या त्या पंडिता रमाबाई. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले आणि केडगावच्या मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवून छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा ते काम पूर्ण होत आले होते. एका माणसाने हे सगळे पेलले, ही गोष्ट मला आजही थक्क करते, कारण आम्ही चौघे मिळून एका वचनावर कधी कधी आठवडा घालवत होतो.

आमची पद्धत अशी होती. मी मूळ हिब्रूवरून पहिला मसुदा करायचा, हिब्रूचे जाणकार सहकारी तो शब्दाशब्दाला तपासायचे, मग चौघांनी बसून त्यातले मराठी पारखायचे आणि शेवटी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दोन-तीन गावांत जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचून झाले की ऐकणाऱ्यांनी तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. सांगताना ते जिथे अडत किंवा वेगळेच सांगत, ती जागा आम्ही टिपून घ्यायचो. समोर ठेवलेला हिब्रू पाठ इ. स. १००८ च्या सुमारास कैरोत लिहून झालेल्या हस्तलिखितावर आधारलेला होता. मूळ हिब्रू लेखनात मुख्यतः व्यंजनेच असत. स्वरांच्या खुणा पुढे मासोरा, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या, परंपरेच्या पाठकांनी घातल्या. तिसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात रूथ म्हणते, ‘तुम्ही सांगता ते सगळे मी करीन.’ या वाक्यात एका ठिकाणी अक्षरांची जागा चक्क रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेखाली नुसत्या स्वरांच्या खुणा आहेत. वाचताना तिथे ‘मला’ असा शब्द उच्चारायचा, पण लिहायचा नाही. परंपरेने आलेली अक्षरे न बदलता त्या पाठकांनी वाचनातला शब्द असा जपला. पहिल्यांदा ते पान पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले होते.

पहिली अडचण पहिल्याच अध्यायात आली. दुष्काळामुळे नामी आपल्या नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर बेथलेहेम सोडून मवाब देशात जाते, तिथे तिघेही पुरुष मरतात, आणि ती परत निघते तेव्हा मवाबी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. सून सासूला जे म्हणते ते जगभर पाठ आहे. हिब्रूत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा आदराचा भेद नाही. पुरुषाला एक रूप आणि स्त्रीला दुसरे, एवढेच. मराठीत मात्र तोंड उघडताच नाते ठरवावे लागते. माझ्या मसुद्यात होते, ‘तू जाशील तिथे मी येईन, तू राहशील तिथे मी राहीन, तुझे लोक माझे लोक, तुझा देव माझा देव.’ गावात वाचले तेव्हा बायका चुळबुळल्या. सासूला ‘तू’ म्हणणारी सून त्यांच्या कानाला उद्धट वाटली आणि त्यामुळे पुढचे सगळे बोलणे त्यांना भांडणासारखे ऐकू आले. मी मध्यम मार्ग सुचवला, की आधीच्या संवादांत ‘तुम्ही’ ठेवावे आणि या शपथेपाशी तिने ‘तू’वर यावे, कारण इथे ती सून राहिलेली नसून मुलगी झालेली आहे. माझी आई तिच्या सासूला जन्मभर ‘तुम्ही’ म्हणाली आणि स्वतःच्या आईला ‘तू’. त्या फरकाचे वजन मला घरातून माहीत होते. सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, की मूळ बोलणाऱ्याने जिथे सूर बदललेला नाही तिथे तो आपण का बदलायचा. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी ‘तुम्ही जाल तिथे मी येईन, तुम्ही राहाल तिथे मी राहीन, तुमचे लोक माझे लोक, तुमचा देव माझा देव’ असे ठरले. निर्णय बरोबर होता असे मला आज वाटते, तरी ‘तू’ गमावल्याची चुटपुट गेलेली नाही. एक गोष्ट मात्र या वाक्याने भरभरून दिली. हिब्रूत इथे क्रियापद नाही. ‘तुमचे लोक माझे लोक’ हे दोनच शब्दांत येते. मराठीलाही अशा वाक्यात ‘आहेत’ लागत नाही, त्यामुळे मूळची ठोस, धापा टाकत म्हटल्यासारखी लय जशीच्या तशी आली.

त्याच अध्यायाच्या शेवटी नावांचा पेच उभा राहिला. नामी बेथलेहेमला पोहोचते तेव्हा गावातल्या बायका विचारतात, ही नामीच ना? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थाने माझे जिणे फार कडू केले आहे. हिब्रूत नामी म्हणजे सुखद आणि मारा म्हणजे कडू. ‘नामी’ला आपल्याकडे ‘उत्तम’ असा अर्थ आहे, तो इथे आपोआप मदतीला आला. पण ‘मला मारा म्हणा’ हे वाक्य मोठ्याने वाचताच मुले एकमेकांकडे पाहू लागली आणि पुस्तकातला सगळ्यांत दुःखाचा क्षण हातातून निसटला. ‘या नावाने हाक मारा’ केले तर तोच शब्द दुसऱ्यांदा येई. नाव बदलण्याचा अधिकार आम्हांला नव्हता, आणि नुसत्या तळटीपेने ऐकणाऱ्याचे भागत नाही. चार-पाच प्रयत्नांनंतर ‘नामी हे नाव आता नको, माझे नाव मारा, कडवट’ असे लिहिले. अर्थ नावाला चिकटूनच यावा, म्हणजे कानाला दुसरीकडे जायला वेळच राहत नाही, एवढे त्यातून साधले.

शेतातले शब्द लिहिताना मला घरी आल्यासारखे वाटले. कापणीनंतर रानात पडलेली कणसे वेचण्याला आपल्याकडे ‘सरवा वेचणे’ हा नेमका शब्द आहे; खळे आहे, उफणणे आहे, रास आहे, पेंढ्या आहेत. फक्त एका शब्दावर वाद झाला. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते तो बवाज आपल्या कापणीवाल्यांबरोबर तिला जेवायला बसवतो आणि तिला भाजलेले धान्य देतो. एका गावात सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, की हा हुरडा. शब्द मोहात पाडणारा होता. पण हुरडा ज्वारीच्या कोवळ्या, दुधाळ कणसांचा, आणि या गोष्टीत सातूचे पीक पिकून कापणीला आलेले आहे. हुरडा म्हटले की थंडीतली सकाळ आणि शेकोटी समोर येते, आणि बेथलेहेमच्या वसंतातली कापणी दिसेनाशी होते. आम्ही ‘भाजलेले दाणे’ ठेवले. दिवसभर वेचून आणि झोडपून रूथजवळ एक एफा सातू जमतात. एफाची पायली करू नये असे ठरले, पण तळटीपेत सुमारे २२ लिटर असे माप दिले, कारण एका दिवसाच्या सरव्याला ते फार आहे आणि बवाजने मुद्दाम कणसे टाकायला लावली होती, हे वाचणाऱ्याला त्याशिवाय कळत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक तिसऱ्या अध्यायात झाली. दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला म्हणतो, की ज्याच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो परमेश्वर तुला भरपूर देवो. तिसऱ्या अध्यायात रात्री खळ्यावर रूथ त्याला म्हणते, की आपला ‘कानाफ’ आपल्या दासीवर पसरा. ‘कानाफ’ म्हणजे पंख, आणि ‘कानाफ’ म्हणजे वस्त्राचा काठही. तिने त्याचाच शब्द त्याच्यापुढे ठेवला आहे. देवाच्या पंखांची गोष्ट करणाऱ्या माणसाला ती सांगते आहे, की आता तो पंख तुम्ही व्हा. हे लग्नाचे मागणे आहे. मी मोठ्या आनंदाने लिहिले, ‘तुमचा पदर तुमच्या दासीवर पसरा.’ पदराखाली घेणे आणि पंखाखाली घेणे आपल्याकडे जवळजवळ एकच, म्हणून मला ते फार जुळलेले वाटत होते. वाचन झाल्यावर एका मध्यमवयीन बाईंनी गोष्ट सांगितली ती अशी, की रूथने बवाजला भीक मागायला सांगितले. त्यांचे काहीच चुकलेले नव्हते. पदर पसरणे म्हणजे याचना करणे, हा अर्थ मराठी माणसाच्या कानात इतका पक्का बसलेला आहे, की ‘तुमच्या दासीवर’ हे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. शिवाय पदर बाईचा. पुरुषाने तो पसरायचा कसा, हा प्रश्न दुसऱ्या एकीने विचारला.

‘पंख’ दोन्हीकडे ठेवले तर वस्त्र जाते. ‘पांघरुणाचे टोक’ म्हटले तर पहिल्या वचनाशी असलेला धागा तुटतो. दोन आठवडे मसुदा तिथेच थांबला होता. मग एका संध्याकाळी घरी, नातवाला कोणी तरी काही आणून दिले त्यावरून बोलणे निघाले आणि माझी बहीण म्हणाली, ‘आजोबांची पाखर आहे ना त्याच्यावर.’ पाखर म्हणजे पिलांवर पसरलेले पंख, आणि हत्तीघोड्यांच्या अंगावर घालायच्या झुलीलाही जुन्या मराठीत पाखर म्हणत. पंखही आणि वस्त्रही एकाच शब्दात आले. दुसऱ्या अध्यायात ‘ज्याच्या पाखरेखाली तू आश्रयाला आलीस’ आणि तिसऱ्यात ‘तुमच्या दासीवर तुमची पाखर घाला’ असे झाले. पुढच्या वाचनात रूथने काय मागितले, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

‘हेसेद’पुढे मात्र मी पूर्ण जिंकले असे म्हणवत नाही. जुन्या करारात हा शब्द सुमारे २५० वेळा येतो. १३६ व्या स्तोत्राच्या २६ वचनांपैकी प्रत्येकाचा शेवट त्यानेच होतो. प्रेम, दया, निष्ठा आणि दिलेल्या शब्दाला जागणे हे सगळे त्यात एकत्र आहे. ‘दया’ म्हटली की ती वरून खाली वाहते; देवाची माणसावर दया चालते, पण सुनेने सासूवर दया केली म्हटले की दोघींचाही अपमान होतो. ‘कृपे’चेही तसेच. ‘निष्ठा’ बरोबर आहे, पण तिच्यात ओलावा नाही. आम्ही घरातला शब्द घेतला. नामी सुनांना निरोप देताना म्हणते, ‘तुम्ही मेलेल्यांवर आणि माझ्यावर जशी माया केलीत, तशी परमेश्वर तुमच्यावर करो.’ एका सहकाऱ्याला वेदान्तातल्या मायेची भीती वाटत होती, पण ‘माया करणे’ म्हटल्यावर मराठीत कोणाला ब्रह्म आणि भ्रम आठवत नाही. रूथच्या घरगुती गोष्टीत हा शब्द उभा राहिला. स्तोत्रांत तो टिकेल असे मला वाटत नाही, कारण तिथे ‘हेसेद’च्या मागे कराराचे वजन आहे आणि ते मायेला पेलत नाही.

दुसऱ्या अध्यायाचे विसावे वचन हे आमच्या सगळ्या कामाचे गाठीचे वचन ठरले. रूथ सातू घेऊन घरी येते, बवाजचे नाव सांगते आणि नामी म्हणते, परमेश्वर त्याचे कल्याण करो, जिवंतांवरची आणि मेलेल्यांवरची माया त्याने सोडलेली नाही. माया कोणी सोडलेली नाही, परमेश्वराने की बवाजने? हिब्रूत दोन्ही अर्थ निघतात आणि ते दोन्ही निघावेत असेच त्या वाक्याचे सौंदर्य आहे. मराठीत देवाला आपण ‘तू’ आणि ‘तो’ म्हणतो. बवाजसारख्या मोठ्या माणसाला ‘ते’ म्हणावे असा आग्रह होता. पण नामीच्या तोंडी बवाज ‘ते’ झाला असता तर ‘त्याने’ हा शब्द फक्त परमेश्वराचा उरला असता आणि दार बंद झाले असते. नामी वयाने मोठी आणि नवऱ्याकडून बवाजची आप्त, तेव्हा तिने ‘तो’ म्हणणे वावगे नाही, हे सर्वांना पटले आणि ‘त्याने’ दोघांनाही लागू राहिला.

याच वचनात ती पुढे म्हणते, की तो माणूस आमच्या, किंवा आपल्या, नात्यातला आहे, तो गोएल आहे. गहाण पडलेली जमीन आपण सोडवून घेतो, तशीच विकलेली वंशाची जमीन सोडवून घेण्याचा हक्क आणि कर्तव्य ज्या जवळच्या आप्ताकडे असे तो गोएल. ‘सोडवणारा आप्त’ म्हटल्यावर शेतकऱ्यांना खुलासा लागला नाही. अडले ते सर्वनामापाशी. हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. नामी ‘आमच्या नात्यातला’ म्हणाली असेल, तर ती आपल्या सासरच्या घराण्याबद्दल बोलते आहे आणि समोर उभी असलेली मवाबी मुलगी त्याच्या बाहेर आहे. ‘आपल्या’ म्हणाली असेल, तर तिने रूथला घरात घेतले. पहिल्या अध्यायात ती ‘मी’ आणि ‘माझे’ एवढेच बोलत होती. रूथ शेजारी उभी असतानाही तिने गावाला सांगितले होते, की मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले. रूथला धरून घेणारा शब्द तिच्या तोंडी येतो तो इथे पहिल्यांदा. मी ‘आपल्या’च्या बाजूने होते आणि त्यासाठी मी कडाडून भांडले. शपथेतला ‘तू’ मूळात नव्हता म्हणून मी तो सोडला होता; इथे मात्र दोनपैकी एक निवडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि पुढच्याच अध्यायात नामी ‘माझ्या मुली, तुझ्यासाठी मी विसाव्याची जागा शोधायला नको का?’ असे विचारते, हा पुरावा मला पुरेसा होता. मसुद्यात ‘तो आपल्या जवळच्या नात्यातला आहे’ असे गेले.

चौथ्या अध्यायात भाषेने एक जागा फुकट दिली. जमीन सोडवायला नकार देणाऱ्या आप्ताचे नाव कथाकार सांगत नाही. बवाज त्याला ‘पलोनी अल्मोनी’ अशी हाक मारतो. आपल्याकडे ‘अमुक तमुक’ यमकासकट तयार आहे.

छपाईला देण्याआधी शेवटची शंका तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनाची होती. बवाज रूथच्या अंगावरच्या चादरीत सहा मापे सातू घालतो आणि मग हिब्रू पाठाप्रमाणे ‘तो’ गावात जातो. काही हिब्रू हस्तलिखितांत आणि प्राचीन सिरियाक व लॅटिन भाषांतरांत ‘ती’ जाते. हिब्रूत फरक एका अक्षराचा. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या एका छपाईत ‘तो’ आणि दुसरीत ‘ती’ असे छापले गेले होते. आम्ही ‘गेला’ ठेवले आणि तळटीपेत ‘गेली’ दिले.

आता आम्ही ग्रीकमधल्या मार्कच्या शुभवर्तमानावर आहोत, आणि तेच सर्वनाम पुन्हा समोर आले आहे. चौथ्या अध्यायात सरोवरात वादळ उठते, होडी पाण्याने भरू लागते, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो आणि शिष्य त्याला उठवतात. ‘गुरुजी, आम्ही बुडतो आहोत याची तुम्हांला काळजी नाही का?’ की ‘आपण बुडतो आहोत’? ग्रीकमध्ये ‘अपोल्लुमेथा’ हे एकच क्रियापद आहे, सर्वनाम लिहिलेलेच नाही. ‘आम्ही’ म्हटले तर गुरू त्या संकटाच्या बाहेर राहतो आणि शिष्यांची तक्रार धारदार होते. ‘आपण’ म्हटले तर त्यांच्या लेखी तोही बुडणार आहे. गटात दोन तट पडले. या वेळी मसुदा वाचायला आम्ही वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळी वस्तीत गेलो, कारण होडीत पाणी भरते तेव्हा माणूस कसा बोलतो हे पठारावरच्या गावांत कळले नसते. मसुद्यात ‘आपण’ होते. एका वयस्क गृहस्थांना आम्ही वाचायला सांगितले. ते सावकाश, बोट ठेवून वाचत होते. या वाक्यापाशी आले आणि कागदावरचे सोडून त्यांनी वाचले, ‘गुरुजी, बुडालो! तुम्हांला काहीच कसे वाटत नाही?’

मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. पुन्हा तेच. सर्वनाम त्यांनी गाळले होते आणि ‘बुडालो’ हे रूप ‘आम्ही’लाही चालते आणि ‘आपण’लाही. अजून न घडलेल्या अनर्थासाठी भूतकाळ वापरण्याची मराठीची रीत त्यात होती, आणि नुसते पाण्यात जाणेच नाही तर सर्वनाश होणे हा ग्रीक क्रियापदाचा अर्थही त्यात होता. परतीच्या गाडीत मी मत्तयच्या शुभवर्तमानातले तेच दृश्य काढून पाहिले. तिथे जुन्या हस्तलिखितांत शिष्य तीनच शब्द बोलतात. ‘आम्हांला’ हा शब्द पुढच्या काळातल्या प्रतींत आलेला आहे. मी समासात पेन्सिलीने लिहिले, ‘प्रभू, वाचवा, बुडालो!’ तिकडे तीन शब्द आणि इकडेही तीनच.